रॉटरडॅममध्ये मिळणारी आपली द्राक्षं : जरूर घ्या, पण आधी देठ बघा

मी निफाडकडचा, घरची द्राक्षबाग, नोकरीमुळे सध्या रॉटरडॅमला. मार्चमध्ये घराजवळच्या सुपरमार्केटात पांढऱ्या सीडलेस द्राक्षांचं अर्ध्या किलोचं पनेट, म्हणजे प्लास्टिकचा छोटा डबा, दिसलं, लेबलवर बारीक अक्षरात 'हेरकोम्स्ट इंडिया', म्हणजे माल भारतातला. किंमत तीन युरोच्या आसपास. तेव्हापासून सात-आठ पनेटं संपवलीत म्हणून लिहितोय.

पहिल्या पनेटला पाचपैकी पाच. मणी टणक, दाताखाली कट्कन तुटतो, साल चोथ्यासारखी तोंडात राहत नाही, गोडी भरपूर आणि शेवटी जराशी आंबटसर चव. सगळ्यात भारी वाटलं ते म्हणजे मण्यावरची पांढुरकी झाक तशीच होती, बोटाचा एक ठसा नाही. ज्याने पॅकहाउस, म्हणजे माल निवडून डब्यात भरायची जागा, बघितलंय त्याला कळेल, बायका घड देठाला धरून उचलतात, कात्रीने खराब मणी काढतात, मण्याला हात लावत नाहीत. ऑफिसातल्या डच सहकाऱ्याला दिली तर तो म्हणाला दक्षिण आफ्रिकेची का, मी म्हटलं नाही रे, नाशिकची, आमच्याकडची!

आपल्या द्राक्षांचं युरोपातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक नेदरलँड्सच आहे. माल न्हावाशेवाहून रीफर म्हणजे थंड ठेवणाऱ्या कंटेनरमध्ये इथल्या बंदरात उतरतो आणि त्यातला बराचसा पुढे जर्मनीबिर्मनीकडे जातो. पण हे सोपं नाही हो. 2010 साली सीसीसी या वाढरोधकाचे अंश सापडले म्हणून युरोपात आपले कंटेनर अडकले होते, आपल्याकडच्या तपासणीत ते बघितलंच जात नव्हतं. त्या वर्षी आमच्या गावात ज्यांचा माल गेला होता त्यांच्या घरात महिनाभर कोणी धड बोलत नव्हतं, मी तेव्हा शाळेत होतो पण अजून आठवतं. आता अपेडाच्या, म्हणजे शेतमाल निर्यात बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या, ग्रेपनेट या ऑनलाइन यंत्रणेवर एक्सपोर्टच्या प्रत्येक प्लॉटची नोंद असते, रेसिड्यूचा म्हणजे औषधांच्या उरलेल्या अंशांचा रिपोर्ट क्लिअर आल्याशिवाय एक्सपोर्टचा माल हलत नाही, त्यामुळे खाताना मला तरी भरवसा वाटतो.

आता तक्रार. एप्रिलच्या शेवटी दुसऱ्या एका दुकानातून घेतलं, देठ तपकिरी पडून वाळलेला, घड उचलला तर निम्मे मणी डब्यातच राहिले, चव ठीक पण टणकपणा गेलेला आणि भाव मात्र तोच. ते पनेट पाचपैकी दोन. 2023 च्या शेवटापासून लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून यायला लागली, प्रवास दहा-बारा दिवसांनी तरी लांबला, आणि लांबलेला प्रवास आधी देठावर दिसतो. म्हणून घेताना पनेट उलटं करून बघा, देठ हिरवा असेल तर डोळे मिटून घ्या.

अजून एक सांगतो कारण मला त्याचा खरंच आनंद आहे. 2022 मध्ये नाशिकजवळच्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्समध्ये युरोपातल्या गुंतवणूकदारांनी मिळून 310 कोटी रुपये घातले, त्यात एफएमओ ही नेदरलँड्सची विकास बँक पण आहे. म्हणजे डच माणसं आपली द्राक्षं नुसती खात नाहीत, शेतकऱ्यांनी उभ्या केलेल्या कंपनीत पैसापण लावतात. असं अजून चार-पाच ठिकाणी व्हायला पाहिजे, कारण एकट्या शेतकऱ्याला व्यापारी म्हणेल तो भाव घ्यावा लागतो, पाऊस पडला की तोही गेला.

लेबलवर गावाचं नाव पण टाका राव, नुसतं इंडिया काय! ऑक्टोबर छाटणीपासून डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं), विरळणी, रात्री थंडीत शेकोट्या पेटवून बाग वाचवणं, एवढं करणाऱ्याचा तालुका तरी छापा.

एकूण पाचपैकी चार. पहिल्या पनेटचा फोटो अण्णांना पाठवला होता, त्यांनी लगेच फोन केला आणि पहिलाच प्रश्न, देठ हिरवा आहे का रे?