ग्रँड पियानोच्या बिडाच्या प्लेटला तडा : वेल्डिंग की टाके?

सोलापुरात बीड (ओतीव लोखंड) जोडणारा शोधत हिंडावं लागत नाही. यंत्रमागाच्या बाजू, पंपाच्या बॉड्या, गिअरबॉक्स अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत रोज जोडले जातात आणि चांगले जोडले जातात. त्यामुळे माझ्या जुन्या ग्रँड पियानोच्या प्लेटमध्ये, म्हणजे तारांचा ताण पेलणाऱ्या बिडाच्या फ्रेममध्ये, वरच्या सप्तकांजवळच्या दांड्याला तडा दिसला तेव्हा सगळ्यांनी वेल्डिंगच सुचवलं.

निकेलच्या रॉडला मी नावं ठेवणार नाही. इंचभर वेल्ड, लगेच गोल हातोडीनं ठोकणं, हात ठेवता येईल इतकं गार होऊ देणं, मग पुढचा इंच. एवढा धीर असलेला मिस्त्री मिळाला तर जोड धरतो. धोका असतो जोडाच्या शेजारी. तापून पटकन निवलेलं बीड काचेसारखं कडक होतं आणि नवा तडा तिथूनच जातो. पितळी ब्रेझिंगमध्ये, म्हणजे पितळ वितळवून जोडण्यात, बीड वितळत नाही, म्हणून ते जरा सौम्य. पण तड्यात जुनं तेल मुरलेलं असेल तर पितळ नीट धरत नाही.

माझा निर्णय झाला तो मात्र प्लेट बाहेर काढण्याच्या कटकटीवरून. साउंडबोर्डच्या, म्हणजे आवाज घुमवणाऱ्या लाकडी फळीच्या, वर ती तापवणार कशी? म्हणजे दोनशेच्या वर तारा उतरवा, त्या ताणायच्या खुंट्या काढा, चेन-ब्लॉक लावून प्लेट उचला. हेही केलं असतं. पण बॉस्टनच्या अल्फियस बॅबकॉकनं १८२५ मध्ये एकसंध फ्रेमचं पेटंट घेतलं आणि पुढे ही फ्रेम एकसंधच ओतली जाऊ लागली. एका कोपऱ्यात दिलेली उष्णता दुसऱ्या टोकाला ओढ लावते. प्लेट केसभर वाकली की बोल्ट भोकांशी जुळत नाहीत. आवळून बसवली तर ताण बिडातच राहतो, ब्रिजवरचा (तारांचा कंप साउंडबोर्डला देणाऱ्या लाकडी पट्टीवरचा) तारांचा दाबही बदलतो. शिवाय तारांची १५ ते २० टनांची ओढ कायमची. एका ओळखीच्या घरी वेल्ड शाबूत होता, पण मधले स्वर मिटल्यासारखे वाटायचे. कारण हेच असावं, असं माझं मत.

मेटल स्टिचिंगमध्ये, म्हणजे धातूला टाके घालण्यात, आगीचा संबंध नाही. तड्याच्या दोन्ही टोकांना भोक पाडून तो थांबवतात. तड्याच्या दोन्ही बाजू धरून ठेवणारे धातूचे आडवे लॉक बसवतात, मग तड्याच्या लांबीभर आट्यांच्या पिना; प्रत्येक नवं भोक आधीच्या पिनेला थोडं खाऊन पाडलेलं. पीन पुरती आवळली की तिचं डोकं तुटून हातात येतं, उरलेलं घासून सपाट. माझ्याकडे तारा क्रमाक्रमानं ढिल्या केल्या, दांड्याजवळच्या तेवढ्या काढल्या आणि साउंडबोर्डवर दुहेरी चादर अंथरली. बिडाचा काळा भुगा फार बारीक असतो, फटींत शिरतो. प्लेट जागची हलली नाही.

टाके महाग पडतात, आणि माणूस बहुधा बाहेरून आणावा लागतो. मुंबईत जहाजांच्या इंजिनांची अशी कामं होतात. खुंट्यांमधल्या अरुंद पट्टीत पिनांना जागा नसते, तिथे किंवा तुकडाच निखळला असेल तर ब्रेझिंगच बरं. प्लेट नव्या तारांसाठी तशीही बाहेर येणार असेल, तर वेल्डिंगचा विचार जरूर करा. पण तडा दांड्यात आहे आणि तारा ठीक आहेत, तर मी टाक्यांसाठीच पैसे जमवीन.

काहीही करा, आधी प्लेटचे सगळे बोल्ट तपासा. एखादा ढिला असेल तर तडा त्यामुळेच गेला असण्याची शक्यता मोठी. स्वर टप्प्याटप्प्यानं चढवा, मध्ये काही दिवस जाऊ द्या आणि दर टप्प्याला जोडाजवळ बॅटरी धरून पाहा.