काळ्या मातीतल्या सफरचंदाला ईडीडीएचए लोह दिलं, दहा महिन्यांचा अनुभव

घरामागच्या वाडीत माझी सफरचंदाची तीन झाडं आहेत, एचआरएमएन-९९ जातीची, जुलै २०२३ मधे लावलेली. गाव वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात, जमीन काळी, कापूस-तूर-सोयाबीनची. ही जात हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या हरिमन शर्मांनी काढली, त्यांना २०२५ ला पद्मश्री पण मिळाली, कमी थंडीत फळ धरते म्हणून आता आपल्याकडे बरेच जण लावून राहिले. रोपं मिळतात, लावायची कशी याचे व्हिडिओ पण ढिगाने आहेत, पण आपल्या मातीत त्याला खत काय द्यायचं हे कोणी नीट सांगत नाही, म्हणून हे सगळं लिहिते. ईडीडीएचए म्हणजे चुनखडीच्या मातीतही लोहाला धरून ठेवणारा पदार्थ, त्यात बांधलेलं लोह खत म्हणून मिळते.

पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या पावसाळ्यात, म्हणजे पोळ्याच्या आसपास, शेंड्याची नवीन पानं पिवळी यायला लागली. मामाजी म्हणाले, "सुनबाई, पानं पिवये पडून राह्यले, युरिया कमी पडला असन, टाक मूठभर." कापसाला आपण तेच करतो ना, म्हणून मी टाकला, आणि कापसाचं डीएपी उरलं होतं ते पण दोन-दोन मुठी बुंध्याजवळ टाकलं. वरून एका पहाडी व्हिडिओत पाहिलं की सफरचंदाला चुना लागतो, तर भिंतीला मारायचा चुना आणून प्रत्येक आळ्यात ओंजळभर पसरला. पंधरा दिवसांत पानांच्या कडा करपल्या आणि नवीन फुटवा पिवळाच नाही तर जवळजवळ पांढरा येऊ लागला. फार वाईट वाटलं. उन्हाळाभर टँकरचं पाणी वाचवून वाचवून ती झाडं जगवली होती.

मोर्शीचे मावसे संत्र्यावाले. ते दिवाळीत आले तेव्हा त्यांनी एक पान तोडून उन्हाकडे धरलं आणि मला दाखवलं, शिरा हिरव्यागार अन् शिरांच्या मधली जागा पिवळी, एकदम जाळी काढल्यासारखी. म्हणाले, "हे तं लोह अडकलं बाई, आपल्या संत्र्याले बी असंच होते. युरिया कमी पडला असता तं खालची जुनी पानं आधी पिवयी पडली असती, शेंड्याची नाही." हे एवढं मला आधी कोणी सांगितलं असतं तर माझं अर्धं नुकसान टळलं असतं. नत्र झाडात फिरतं, कमी पडलं की झाड जुन्या पानातून काढून नव्याला देते, म्हणून जुनं पिवळं पडते. लोह तसं फिरत नाही, जिथं गेलं तिथंच राहते, म्हणून नवीन पान उपाशी राहते.

मग मावशांनीच आळ्यातलं एक पांढरं ढेकूळ उचललं आणि त्यावर अर्धं लिंबू पिळलं, ते फसफसलं. चुनखडी. आपल्या काळ्या मातीत ती भरपूर असते, मातीत लोह असूनही मुळाला घेता येत नाही, आणि त्यात मी अजून चुना टाकला होता! पहाडात बऱ्याच ठिकाणी माती आम्लधर्मी, तिथं चुना कामाचा, आपल्याकडे उलटं काम. डीएपीनं पण बिघडवलं, स्फुरद जास्त झालं की लोह अजून अडकते. नंतर माती तपासून आणली, पीएच ८.२, सेंद्रिय कर्ब कमी, पालाश भरपूर. बोअरचं पाणी पण जड, बादलीच्या कडेला पांढरा थर बसते तेच पाणी झाडाला जात होतं.

आता मुद्द्याचं, लोह कोणतं घ्यायचं. आधी हिराकस (फेरस सल्फेट) वापरून पाहिलं, लिटरला ५ ग्रॅम, थोडा लिंबाचा रस घालून संध्याकाळी फवारलं. स्वस्त आहे, फरक पण दिसते, पण कसा, तर जिथं थेंब पडला तिथं हिरवा ठिपका आणि बाकी पान पिवळंच, आणि पुढचं नवीन पान परत पिवळं. मातीत टाकलं तर आपल्या मातीत तेही थोड्याच दिवसांत अडकून जाते. चिलेटेड म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या पदार्थात बांधलेलं लोह. मग तालुक्याच्या एका दुकानात "चिलेटेड लोह द्या" म्हटलं तर त्यांनी ईडीटीए नावाच्या पदार्थात बांधलेल्या लोहाचं पाकीट दिलं, १२ टक्के लिहिलेलं, मला वाटलं जास्त टक्के म्हणजे चांगलं. आळ्यात दिलं, काहीच झालं नाही. मागून कळलं की ईडीटीए पीएच साडेसहा-सातच्या वर गेला की लोहाला धरून ठेवत नाही, ते फवारणीसाठी ठीक, आमच्या ८.२ च्या मातीत पैसे वाया. दुकानदाराने माती कशी आहे एवढं विचारायला पाहिजे होतं, असं मला अजून वाटते.

ईडीडीएचए ६ टक्के मग मावशांनीच अमरावतीहून आणून दिलं, २५० ग्रॅमचा डबा. टक्के निम्मे आणि भाव जास्त, म्हणून पहिले घ्यावं वाटत नाही, पण हे चुनखडीच्या मातीत पण टिकते, तोच त्याचा सगळा गुण आहे. डब्यावर "ऑर्थो-ऑर्थो" (लोहाला सगळ्यात घट्ट धरणारा प्रकार) किती टक्के आहे ते पहा, माझ्या डब्यावर ४.८ होतं. तो आकडा जेवढा जास्त तेवढं ते मातीत जास्त टिकते.

द्यायची रीत अशी ठेवली. झाडाला २० ग्रॅम, १० लिटर पाण्यात. पाणी लालभडक होते, कुंकू कालवल्यासारखं, हाताला लागलं तर दोन दिवस निघत नाही म्हणून हातमोजे घाला, नवीन साडीवर तर अजिबात उडू देऊ नका. बुंध्याजवळ नाही, फांद्यांची सावली जिथं संपते तिथं गोल चर काढायचा, चार बोटं खोल, कारण खाणारी बारीक मुळं तिकडं असतात, त्यात ओतायचं आणि लगेच माती ओढायची. उन्हात उघडं राहिलं तर ते खराब होते, म्हणून मी संध्याकाळीच देते. आधी माती ओली असावी.

पहिला डोस फेब्रुवारीत फुटवा निघताना दिला. साधारण तीन आठवड्यांत नवीन पानं हिरवी आली, आणि ते पाहून मी खरंच अंगणात उभी राहून सगळ्यांना हाका मारल्या. जुनी पिवळी पानं मात्र पूर्ण सुधरली नाहीत, ती वाट पाहू नका. मार्चमधे थोडी फुलं आली, झाड लहान म्हणून चारच फळं ठेवली, नवतपाच्या (मे अखेरच्या) उन्हात दोन गळाली, दोन जूनच्या सुरुवातीला पिकली, एक ११० ग्रॅमचं भरलं. रंग बाजारातल्यासारखा लाल नाही, पिवळसर अन् एका बाजूनं गुलाबी, पण पोरीनं सालासकट खाल्लं.

जुलैत परत पिवळं पडलं, तिन्ही नाही, खालच्या अंगाचं एकच. तिथं पाणी साचत होतं. काळी माती भरून बसली की मुळाला हवा मिळत नाही आणि मग लोह समोर असून मूळ घेत नाही. मी आधी नाली काढून पाणी बाहेर काढलं, बुंध्याभोवती मातीचा ओटा केला, चार दिवस वाफसा येऊ दिला अन् मग तिघांनाही दुसरा डोस दिला. तिसरा सप्टेंबरच्या शेवटी. म्हणजे वर्षात तीन झाडांना तीन वेळा, १८० ग्रॅम गेलं.

बाकी खत काय देते ते पण सांगते कारण नुसत्या लोहावर झाड जगत नाही. हिमाचलची शिफारस झाडाच्या वयाच्या दर वर्षाला ७० ग्रॅम नत्र, ३५ स्फुरद, ७० पालाश आणि सोबत शेणखत, अशी आहे. ती जशीच्या तशी उचलू नका, आपली माती वेगळी आणि झाड इथं उन्हाळ्यात दमते. मी मृगाच्या तोंडावर झाडाला दोन घमेली कुजलेलं शेणखत अन् एक किलो निंबोळी पेंड देते, युरिया फेब्रुवारी, जून आणि ऑगस्ट असा तीनदा, दर वेळी ५०-५० ग्रॅमच, मातीआड करून, कारण आपल्या मातीत वर पडलेला युरिया हवेत उडून जाते. पालाश जमिनीत भरपूर म्हणून देतच नाही, डीएपी बंद. एप्रिल-मेमधे कोणतंच रासायनिक खत नाही, फक्त पाणी आणि तुरीच्या कुटाराचं आच्छादन. ऑक्टोबरनंतर नत्र बंद, नाहीतर कोवळा फुटवा येते, मावा धरते आणि झाडाला आराम मिळत नाही. शेण ताजं टाकू नका हो, पहिल्या वर्षी टाकलं तर उधई (वाळवी) लागली होती. जीवामृत महिन्यातून एकदा देते, माती भुसभुशीत झाल्यासारखी वाटते. गंधक पण एकदा दिलं, १०० ग्रॅम झाडाला, पण एवढी चुनखडी असताना तेवढ्यानं काही फरक दिसला नाही.

ईडीडीएचएची खोट म्हणाल तर एकच, ते मातीचा स्वभाव बदलत नाही. बंद केलं की पिवळेपणा परत येईल, म्हणजे दर वर्षी खर्च आहेच. तीन-चार झाडांना परवडते, एकराला लावायचं असेल तर आधी माती तपासा, चुनखडी जास्त निघाली तर मी तरी लावू नका म्हणेन. ज्यांची जमीन मुरमाड, निचऱ्याची आहे त्यांना कदाचित याची गरजच पडणार नाही, आधी लिंबू पिळून पहा. माझ्याकडून पाचपैकी साडेचार.

मागच्या वर्षी शेंड्याची वाढ सहा इंच होती, यंदा शिलाई मशीनच्या टेपनं मोजली तर वीस इंच भरली, खालच्या झाडाची चौदा. आता डिसेंबर चालू आहे, झाडाला झोप लागावी म्हणून काल पानं हातानं तोडली, मामाजी टोपलं घेऊन सोबत होते. पान तोडून तोडून त्यांचं बोट एका ठिकाणी थांबलं, म्हणाले, "हे पाय, डोया कसा फुगला." डब्यात ७० ग्रॅम उरलं आहे, फेब्रुवारीचा डोस त्यात होऊन जाते.