सेन्सर म्हणून ६,८०० घेतले, बदललं काहीच नाही

माझ्याकडे जुनी डिझेल फोर बाय फोर जीप आहे. गेल्या महिन्यात रामटेकहून परतताना ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक झालं. कशीबशी गाडी नागपुरात आणली. बॉनेट उघडलं, तर ब्रेक बूस्टरकडे (पेडलवरचा पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याकडे) जाणाऱ्या जाड काळ्या पाइपात अंगठ्याएवढा प्लास्टिकचा गोल तुकडा दिसला. दोन्हीकडे नळीचं एकेक तोंड. एका तोंडाला बारीक चीर, काठाचा टवका उडालेला. हे काय आहे ते कळेना, म्हणून मोबाइलवर फोटो काढून ठेवला.

गॅरेजवाला बघताक्षणी म्हणाला, "भाऊ, हा फोर बाय फोरचा व्हॅक्यूम सेन्सर हाय. बाहेरून मागवा लागते. नाही बदलला तं गिअरबॉक्स जाईन." गिअरबॉक्सचं नाव ऐकून मी घाबरलो आणि ६,८०० रुपये मोजले. जुना पार्ट मागितला, तर "कंपनीले वापस द्या लागते जी." बिलावर फक्त ‘व्हॅक्यूम असेंब्ली’.

चार दिवसांत पेडल पुन्हा कडक. घाट रोडवर एका वयस्कर मिस्त्रीकाकांकडे गेलो. त्यांनी तो तुकडा काढला, पुसला, तोंडाला लावून फुंकला. उलटा करून परत फुंकला. हवा दोन्हीकडून आरपार. "सेन्सरले वायर असते बापू. याले कुठं हाय? हा ब्रेकचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, हवा एकाच बाजूनं जाऊ देते."

बूस्टर चालतो तो व्हॅक्यूमवर, म्हणजे हवा ओढून केलेल्या पोकळीवर. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा तो आपसूक मिळत नाही, त्यासाठी पंप लागतो. माझ्या गाडीत तो अल्टरनेटरच्या मागे आहे. पंप बूस्टरमधली हवा ओढतो आणि हा व्हॉल्व्ह ती परत शिरू देत नाही. इंजिन अचानक बंद पडलं तरी एक-दोनदा ब्रेक हलक्या पायाने लागतो तो या साठलेल्या व्हॅक्यूमच्या जोरावर. व्हॉल्व्हवर बाण असेल तर तो इंजिनाकडे, म्हणजे पंपाच्या बाजूला असायला पाहिजे.

मी मोबाइलमधला आधीचा फोटो उघडून पाहिला. तीच चीर, तोच टवका. माझाच व्हॉल्व्ह धुऊन, क्लिप आवळून परत लावला होता! पैसे गेले ते गेले, पण त्या गाडीत माझी मुलं बसतात, याचा संताप जास्त आहे.

काकांनी एक तपासणी शिकवली. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबायचं, मग पाय तसाच ठेवून स्टार्टर मारायचा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळतोय. नवा व्हॉल्व्ह ३५० रुपयांत बसला.

गॅरेजवाला आता म्हणतो, "फोटो कोणत्या गाडीचा, काय माहीत." बिल आणि फोटो घेऊन मी ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे.