बार्शी लाइटचं इंजिन भारी की माथेरानचं?

दोन्ही नॅरो गेज, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वे, पण काम एकदम वेगळं. बार्शी लाइट रेल्वे १८९७ ची, रुळांत अंतर अडीच फूट, ती उभारणारा इंग्रज इंजिनिअर कॅलथ्रॉप, त्याचा हट्ट असा की एका आसावर (चाकांची जोडी धरणाऱ्या दांड्यावर) ५ टनांपेक्षा जास्त वजन नको, म्हणून लीड्सच्या किटसन कंपनीनं इंजिनाला आठ ड्रायव्हिंग (वाफेच्या जोरानं फिरणारी) चाकं देऊन वजन वाटून टाकलं, त्यामुळे हलक्या रुळांवरून पंढरपूरच्या वारकऱ्यांच्या गाड्या ओढता आल्या. माथेरान १९०७ ची, दोन फुटी, ऑरेनस्टाइन-कॉपेलची जर्मन इंजिनं. वळणं इतकी आवळ की पुढचे-मागचे आस थोडे सरकतील अशी सोय चाकांतच केलेली, ती जवळून बघाच! डोकं बघाल तर माथेरान, पण माझं मत बार्शीला, ती गाडी आमच्या गावाकडच्या माणसांची होती ना.