बॅटरीची ग्रीस गन, हंगामभर वापरून: गन झकास, तोंड फाटकं

"साहेब, ते नॉर्मल आहे," असं सर्व्हिस सेंटरवाल्याने परत एकदा ऐकवलं आणि फोन ठेवून दिला, म्हणून हे लिहायला बसलो. नॉर्मल काय, ते पुढे येईलच.

यंत्राच्या सांध्यांत दाबाने ग्रीस भरायची ही गन; तिची बाकी माहिती सगळ्यांना असते, त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही. १८ व्होल्टची बॅटरी, ४०० ग्रॅमचं कार्ट्रिज, १०,००० पीएसआयचा (चौरस इंचावर पौंड) दाब, हातभर लांब नळी. खोक्यावर लिहिलेलं हे सगळं खरं आहे. बॅटरीबद्दल तक्रार नाही, मोटरबद्दल नाही, गिअरबद्दल नाही. ट्रॅक्टरचा पुढचा अ‍ॅक्सल, रोटाव्हेटर, ट्रॉली, मळणी यंत्र असं सगळं या गनवर काढलं आणि ताकदीत ती कुठे कमी पडली नाही.

मी ती घेतली मात्र ताकदीसाठी नाही, राड कमी व्हावी म्हणून. हाताच्या गनला तीन हात लागतात. एकाने गन धरायची, दुसऱ्याने दांडा मारायचा आणि तिसऱ्याने नळीचं तोंड निप्पलवर (यंत्रावरची ग्रीस आत घ्यायची बारीक घुंडी) दाबून धरायचं. तिसरा हात नसतो, म्हणून गन मांडीत धरायची आणि मग पँटची जी काही दशा होते ती होते. रोटाव्हेटरच्या बाजूला आडवं पडून हे करून बघा. बॅटरीच्या गनमध्ये एक हात खटक्यावर, एक हात तोंडावर, विषय संपला. एवढ्या एका गोष्टीसाठी मी हाताच्या गनच्या कितीतरी पट पैसे मोजले आणि त्याचं दुःख नाही.

दुःख तोंडाचं आहे.

एवढं महागाचं यंत्र, आणि त्याच्या शेवटच्या बोटभर टोकाला कंपनीने हाताच्या गनवर येतो तसलाच साधा कपलर, म्हणजे निप्पल पकडणारं तोंड, बसवलाय. आत छोटे जबडे, त्यांच्या मागे रबराचं सील, वर फिरवून घट्ट करायची टोपी. निप्पलवर दाबलं की जबडे पकडतात, असं म्हणायचं. दोन-चार कार्ट्रिज होईपर्यंत पकडतात. मग टोपी आपोआप ढिली पडायला लागते, जबडे फाकतात आणि ग्रीस निप्पलच्या आत जायचं सोडून बाहेरून बाहेर निघतं. हाताच्या गनला असं झालं तर दांडा हलका लागतो, हाताला कळतं, माणूस थांबतो. या गनला कसलं कळणं! खटका दाबलाय ना, मग ती ढकलतच राहते. नजर जरा हलली की तळहातावर ग्रीसचा गोळा, त्यातला अर्धा खाली मातीत. ग्रीस फुकट येत नाही. माती आणि ग्रीस एकत्र झालेलं ते काळं मलम बघितलं की माझा जीव कासावीस होतो. दादा शेजारी उभा राहून म्हणाला, "यापेक्षा हाताने चोपड, निदान जातंय कुठं ते तरी दिसेल."

निप्पलांचाही यात वाटा आहे, हे मान्य करायला हवं. जुन्या यंत्रांवरच्या निप्पलांची डोकी झिजून चपटी झालेली असतात, काहींवर हातोडा बसलेला असतो, काहींतली गोळी गंजून बसलेली असते. चांगला कपलरसुद्धा अशा डोक्याला काय धरणार? एम ६, एम ८, एम १० अशा मापांची निप्पलं मी पुडीभर आणली आणि दिसेल ते खराब निप्पल बदलत गेलो. सरळ आणि ४५ अंशांचं, दोन्ही प्रकार आणा. ट्रॉलीच्या स्प्रिंगच्या पिनांवर सरळ निप्पल होती, तिथे तोंड तिरकं लावल्याशिवाय पोचतच नव्हतं, आणि तिरकं लावलं की गळती ठरलेली. तिथे ४५ अंशांची बसवली आणि निम्मी कटकट गेली. उरलेली निम्मी कपलरचीच. वॉरंटीत तो बदलून मागितला. बदलून आला, अगदी तसाच, आणि ढिलाही त्याच वेगाने झाला.

शेवटी पट्टीचा लॉकिंग कपलर वेगळा विकत घेतला. बाजूची पट्टी दाबायची, निप्पलवर बसवायचा, पट्टी सोडायची. तो निप्पलला असा धरून बसतो की नळीवरून हात काढला तरी हलत नाही. पहिल्यांदा लावला तेव्हा खटका दाबला आणि काहीच सांडलं नाही. मला वाटलं गन बंद पडली. बेअरिंगच्या कडेने जुनं काळं ग्रीस वर यायला लागलं तेव्हा कळलं की सगळं आत चाललंय. हे तोंड खोक्यातच द्यायला काय धाड भरली होती?

त्याचेही नखरे आहेत. निप्पल चोंदलेलं असेल तर दाब आत अडकतो आणि कपलर सुटायचं नाव घेत नाही. ओढाताण करू नका, निप्पलच तुटून येईल. नळीचा जोड पान्ह्याने थोडा ढिला करून दाब उतरू द्या, तोंड बाजूला ठेवा, मग पट्टी दाबा. साधा कपलर अडकला तर सरळ ओढण्याऐवजी जरासा तिरका केला की सुटतो. आणि लॉकिंग कपलर अंगाने जाड असल्यामुळे अडचणीच्या जागी शिरत नाही. मुख्य अडचणीची जागा म्हणजे पीटीओ शाफ्टचा क्रॉस: ट्रॅक्टरची ताकद अवजाराला देणाऱ्या फिरत्या शाफ्टच्या सांध्यातला, अधिकच्या चिन्हासारखा चार टोकांचा तुकडा.

क्रॉसवर जरा थांबतो, कारण ज्याच्यासाठी ग्रीस गन घ्यायची तो भाग हाच. ५४० आरपीएमवर फिरणारी, झटके खाणारी, धुळीत बुडालेली चीज, आणि ग्रीसिंगचं वेळापत्रक शाफ्टप्रमाणे ८ तासांपासून ५० तासांपर्यंत काहीही असतं. इंजिन बंद, चावी खिशात, मगच हात घाला. संरक्षक नळकांड्याची खिडकी निप्पलसमोर आणायची, शाफ्ट हाताने फिरवत निप्पल दोन योकच्या (क्रॉसला धरणाऱ्या काट्यांच्या) मधून वर काढायचं. इथे जाड तोंड शिरत नाही. बारीक, लांब नाकाचा अडॅप्टर लागतो किंवा तो साधा कपलर. (हो, त्याला इथे नोकरी आहे.) ग्रीस भरताना क्रॉसच्या टोकांवरच्या चारही कपांच्या कडांकडे बघायचं. तीन कपांतून नवं ग्रीस डोकावलं आणि चौथा कोरडा राहिला, तर काम झालेलं नाही. चौथ्यातल्या सुया (बेअरिंगचे बारीक रोलर) उपाशीच फिरणार आणि क्रॉस तिथूनच जाणार. शाफ्ट थोडा फिरवा, कोरड्या कपाकडचा भार निघेल असा योक हलवा, वरून लाकडाने हलकेच ठोका आणि पुन्हा भरा. बहुतेकदा वाट मोकळी होते. कडेने तांबूस भुकटी बाहेर आली असेल तर त्या कपात बरेच दिवस ग्रीस पोचलेलं नाही, नवा क्रॉस आणायच्या तयारीला लागा. इथे कडेने आलेलं ग्रीस ही राड नाही, पावती आहे. ती बघायची आणि मग पुसायची.

मळणी यंत्रावर मात्र हीच गन वैरीण होते. तिथली बरीचशी बेअरिंगं सीलबंद असतात, त्यांना अगदी थोडं ग्रीस हवं असतं. १०,००० पीएसआयने खटका दाबून धरला तर सील बाहेर फेकलं जातं. त्यानंतर त्या बेअरिंगमध्ये भुसा शिरतो आणि हंगामाच्या ऐन भरात ते खर्र खर्र करायला लागतं. शिवाय बाहेर आलेलं ग्रीस पट्ट्यावर उडालं की पट्टा घसरतो, ते वेगळंच. म्हणून हाताची गन विकायचा विचार सोडून दिला. सीलबंद बेअरिंगला हाताची गन, एक-दोन दांडे, दांडा जड लागला की बंद. क्रॉस, पुढच्या अ‍ॅक्सलची किंगपिन, सेंटर पिन आणि ट्रॉलीच्या पिनांना बॅटरीची गन. एका दाबात आपली गन किती ग्रीस टाकते ते माहीत नसेल तर दहा दाबांचं ग्रीस कागदावर काढून वजन करा. यंत्राच्या पुस्तिकेत ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं आणि आपण मारतो दांड्यांत, हिशोब कसा लागणार?

आता ते "नॉर्मल".

गरम दिवसांत शेडच्या फळीवर ठेवलेल्या गनखाली तेलाचं थारोळं साचायला लागलं. ग्रीस नाही, पातळ तेल. खालचं खोकं भिजलं, चार्जरची वायर चिकट झाली. मला वाटलं सील गेलं. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर नॉर्मल. फोटो पाठवले तरी नॉर्मल. मी चांगलाच तापलो होतो आणि इथे एक तारा द्यायच्या बेतात होतो. मग एका जुन्या फिटरने कारण सांगितलं आणि राग अर्धा उतरला. ग्रीस म्हणजे तेलच, साबणासारख्या घट्ट पदार्थात धरून ठेवलेलं. गनमधली स्प्रिंग कार्ट्रिजला मागून सतत रेटत असते. वर उष्णता आली की तेल त्या जाळीतून सुटतं आणि सापडेल त्या फटीतून बाहेर पडतं. म्हणजे तो माणूस खोटं बोलत नव्हता. पण उपाय एका वाक्याचा आहे: काम संपलं की मागचा दांडा पूर्ण ओढून खाचेत अडकवायचा, म्हणजे स्प्रिंगचा रेटा जातो. तेव्हापासून फळी जवळपास कोरडी आहे. हे एक वाक्य फोनवर सांगायला पैसे पडत होते का? गनच्या पुस्तिकेत बॅटरी पाण्यात टाकू नका, आगीत टाकू नका, यावर पानंच्या पानं आहेत. दांड्याबद्दल एक ओळ नाही. तारा मी त्याचा कापतोय, गळतीचा नाही.

कार्ट्रिज बदलण्याचं तंत्र हाताला बसलं की राड बरीच कमी होते. दांडा ओढून अडकवा, प्लास्टिकचं झाकण काढून ती बाजू आधी आत घाला, पत्र्याचं झाकण शेवटी ओढा. ओढताना कार्ट्रिज दाबू नका, नाहीतर ग्रीस कडेवर चढतं. डोकं पूर्ण आवळू नका, एक-दोन आटे ढिलं ठेवून दांडा सोडा, थोडा खटका दाबा, हवा निघून ग्रीस यायला लागलं की आवळा. हवा अडकली तर मोटर नुसती गुरगुरते आणि माणूस गन बिघडली म्हणून सर्व्हिस सेंटरला फोन करतो. डब्यातलं सुटं ग्रीस भरणं स्वस्त पडतं, हे मलाही कळतं. माझा पिंड तोच आहे. पण सुटं भरताना बाहेर जेवढं माखतं आणि डब्यात जेवढी धूळ जाते, ते धरलं तर बचत फार उरत नाही. मी आता कार्ट्रिजच वापरतो. सगळीकडे एकच ग्रीस, लिथियम कॉम्प्लेक्स (ही त्याची जात), एनएलजीआय २ (हा घट्टपणाचा नंबर). रंग बघून ग्रीस निवडू नका, रंग नुसता टाकलेला असतो. वेगळ्या जातीची ग्रीसं मिसळली तर काही जोड्या पातळ होऊन बेअरिंगमधून वाहून जातात, म्हणून जात बदलायची तर जुनं पूर्ण बाहेर येईपर्यंत नवं भरा.

बाकी स्वच्छतेचं सगळं चिंधीवर आहे. दोन चिंध्या ठेवा, एक आधीची, एक नंतरची. आधीची कोरडी, निप्पलचं डोकं पुसायला. न पुसता तोंड लावलं तर डोक्यावरची माती आपणच दाबाने बेअरिंगमध्ये भरतो. नंतरची चिंधी सांडलेलं उचलायला. एकच ठेवली की संध्याकाळपर्यंत ती पुसत नाही, लावते. नांगराच्या, लिफ्टच्या उघड्या पिनांवर कडेला ग्रीसची बारीक कड राहू द्या, ती धूळ आत जाऊ देत नाही. चेनला ग्रीस चोपडू नका, वरच्या वर बसतं आणि माती धरतं. तिला तेलच हवं. हाताला आधी लाकडाचा कोरडा भुसा चोळा, मग साबण. डिझेलने हात धुण्याची सवय सोडा, कातडी सोलून निघते.

एक गोष्ट मात्र थट्टेची नाही. दाब असताना नळी कुठे भिजली आहे का ते बोट फिरवून बघू नका. बारीक छिद्रातून येणारं ग्रीस कातडी भेदून आत जातं. वर टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, दुखतही नाही फारसं, आणि आत बोट सडायला लागतं. असं झालं तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच दवाखाना गाठा आणि "दाबाने ग्रीस आत गेलंय" हे शब्द सांगा. माझ्या नळीवरची स्प्रिंग तोंडापाशी एका जागी वाकली आहे. कंपनी म्हणते नळी वॉरंटीत येत नाही. नवी नळी मागवली आहे, जुनी कापून टाकणार, म्हणजे कोणी काटकसर म्हणून परत बसवायला नको. त्यात मीही आलो.

ज्यांच्याकडे एक ट्रॅक्टर आणि एक नांगर आहे त्यांनी हाताची चांगली गन आणि लॉकिंग कपलर घ्यावा, पैसे वाचवावेत. रोटाव्हेटर आणि ट्रॉली रोज फिरत असतील तर बॅटरीची घ्या, पण कपलर त्याच दिवशी बदला. पाचपैकी साडेतीन तारे. वॉरंटीत आलेला दुसरा कपलर पिशवीत तसाच पडून आहे. पहिल्याचा जबडा क्रॉसवर तुटला की त्याची पाळी.