गोठ्यातला ब्रुसेला: कोणती तपासणी, आणि लस की वेगळा गोठा?

सहाव्या-सातव्या महिन्यात गाय गाभडली, वार अडकली आणि पाठोपाठ शेजारच्या दाव्यावरचीही गाभडली, तर ब्रुसेलाची, म्हणजे जनावरांना गाभडवणाऱ्या आणि माणसालाही लागणाऱ्या जंतुरोगाची शंका घ्यायलाच हवी. तपासायचं कशाने, हे गोठ्यावर ठरतं.

दुधाची रिंग चाचणी सर्वांत स्वस्त. रंगीत अँटिजेन (मेलेल्या ब्रुसेला जंतूंचं द्रावण) मिसळून नमुना ठेवला की बाधित दुधात साईचा थर निळा-जांभळा होतो. सगळ्या गोठ्याच्या एकत्र दुधावर ती करता येते, म्हणून डेअरीला आणि मोठ्या गोठ्याला सोयीची. पण चीक, कासदाहाचं दूध किंवा आटत आलेल्या गायीचं दूध असेल तर ती फसवते. कालवडी, भाकड जनावरं, वळू तर त्यात येतच नाहीत.

लोणी किंवा घोडेगावच्या बाजारातून जनावर आणायचं असेल, तर मी रोझ बेंगाल ही रक्ताची चाचणीच धरेन. रक्तजलाचा (रक्त गोठल्यावर वर सुटणाऱ्या पाण्याचा) एक थेंब, गुलाबी अँटिजेनचा एक थेंब, काचपट्टीवर मिसळून चार मिनिटं हलवायचं. बारीक गुठळ्या धरल्या की संशय पक्का. मात्र नुकत्याच गाभडलेल्या गायीत ती निर्दोष दिसू शकते. अशा गायीचं रक्त दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा, तोवर तिला वेगळी बांधा. लहानपणी लस टोचलेली कालवडही काही महिने बाधित दिसते. तिच्या कानातल्या बिल्ल्यावरून लसीची नोंद आधी पाहावी.

निकालावर वाद असेल तर एलायझा ही चाचणी. ती जास्त संवेदनशील, पण प्रयोगशाळेतच होते. पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे नमुने जातात. जंतू वाढवून पाहणं सर्वांत खात्रीचं, पण वेळखाऊ आणि हाताळणाऱ्याला धोक्याचं.

आता नियंत्रण. औषधावर पैसे घालू नका. जंतू पेशींच्या आत दडतो आणि प्रतिजैविकांनी गाय जंतुमुक्त होईल याचा भरवसा नाही. काही देशांनी बाधित जनावरं कत्तलीला काढून रोग संपवला. महाराष्ट्रात गायींच्या कत्तलीला 1976 च्या कायद्यापासूनच बंदी असल्याने त्यांच्यासाठी तो मार्ग नाही. उरतात दोन: वेगळं ठेवणं आणि लस.

वीस-तीस गायींच्या गोठ्यात दोन्ही करावं. बाधितांची विण्याची जागा, भांडी आणि माणूस वेगळा. दोन-चार जनावरांच्या घरी दुसरा गोठा कुठून आणणार? तिथे लसच खरा आधार. 2019 च्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती मोफत टोचली जाते: 4 ते 8 महिन्यांच्या कालवडी आणि पारड्यांना, आयुष्यात एकदा. नरांना नाही, गाभण जनावराला अजिबात नाही. ही लस जिवंत जंतूंची, म्हणून टोचणाऱ्याने हातमोजे आणि चष्मा घालावा. आधीच बाधित असलेली गाय तिने बरी होत नाही.

दोन्हीपैकी काहीही निवडा, वार आणि गाभडलेलं वासरू उघड्या हाताने ओढू नका. चुना टाकून खोल पुरा. दूध उकळूनच प्या. घरात कुणाला येता-जाता ताप आणि सांधेदुखी असेल, तर डॉक्टरांना गाय गाभडल्याचं आवर्जून सांगा. माणसाचे उपचार निदान सहा आठवडे चालतात, आणि ते मध्येच सोडले तर आजार उलटतो.