बीपीचं मशीन चांगलंय, पण पट्ट्याचं माप बघून घ्या

खरं तर मशीन मागवलं ह्यांच्यासाठी. दंडाला लावायचं डिजिटल. चालतंय का बघू म्हणून आधी मीच लावलं तर १५२/९४! म्हटलं पीसच खराब आलाय. ह्यांना लावलं तर १२६/८०, एकदम व्यवस्थित. परत मला लावलं, परत तेच.

मग चष्मा लावून डब्याच्या खालचं बारीक वाचलं. पट्टा २२ ते ३२ सेंमी दंडासाठी, आणि माझा दंड मोजला तर ३५. पट्टा आखूड पडला की आकडा खरा असतो त्यापेक्षा जास्त येतो. हे विकताना ठळक लिहायला काय जातं यांचं? कस्टमर केअरवाली म्हणे मॅडम सगळ्यांना बसतो. अहो नाही बसत, वेल्क्रो टराटरा सुटत होतं! शेवटी मोठा पट्टा वेगळा घेतला, त्याचे पैसे वेगळे.

मोठ्या पट्ट्याने आठवडाभर सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा मोजलं, सरासरी १३९/८८. म्हणजे उतरलं, पण घरी मोजताना १३५/८५ च्या वर गेलं की ते जास्तच धरतात. मेमरीतले आकडे डॉक्टरबाईंना दाखवले तर त्यांनी भलतंच विचारलं, बाळंतपणात बीपी वाढलं होतं का? होतं ना, धाकटीच्या वेळी आठव्या महिन्यात, पाय सुजलेले, लघवीत प्रोटीन. डिलिव्हरीनंतर उतरलं आणि मी विसरूनही गेले. त्या म्हणाल्या ते विसरायचं नसतं, ज्यांना तो त्रास झालाय त्यांना पुढे बीपीचा आणि हार्टचा धोका जास्त असतो, शिवाय माझी पाळी ४३ व्या वर्षीच गेली तेही त्यात धरायचं. इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं आणि मीही कोणाला सांगितलं नव्हतं. आता शुगर, कोलेस्टेरॉल सगळं झालं, गोळी चालू आहे.

मोजताना ५ मिनिटं गप बसायचं, पाठ टेकून, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, दंड छातीच्या लेव्हलला आणि पट्टा उघड्या दंडावर. आधी अर्धा तास चहा-कॉफी नाही, आणि बाथरूमला जाऊन या. मी सुरुवातीला बोलत बोलत मोजायचे, मग आकडा वर आणि स्क्रीनवर ठोके अनियमित असल्याचं ते हृदयाचं चिन्हही लुकलुकायचं, घाबरले होते. हललं-बोललं तरी ते येतं. शांत बसूनही सारखं येत असेल तर मात्र ईसीजी काढून घ्या.

आणि हे मशीन अटॅक ओळखत नाही बरं का! माझ्या जावेचा जबडा आणि पाठ दुखत होती, मळमळ, घाम, दम लागलेला, आणि बीपी नॉर्मल आलं म्हणून ॲसिडिटीची गोळी घेऊन झोपणार होती. अटॅकच निघाला. बायकांनाही छातीत दुखतंच, पण सोबत हे असलं काही असलं की आपण पित्तावर ढकलतो. अशा वेळी मोजत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

बाकी स्क्रीन मोठी, आकडे बिनचष्म्याचे दिसतात, दोघांची मेमरी वेगळी राहते. मनगटावरचं स्वस्त मिळतं पण हात जरा वरखाली झाला की आकडा बदलतो, नको. ५ पैकी ४ स्टार, एक पट्ट्यासाठी कापला.